कार्डाच्या पाठीवरचे शब्द

ही हकीकत सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं, आणि टाळणं मला छान जमलं. विषय निघाला की मी चष्मा पुसायचो किंवा समोरच्याच्या मुलाबाळांची चौकशी करायचो. गेल्या महिन्यात मात्र वाचनालयाच्या कार्यकारिणीतले दोघं घरी आले. वर्धापनदिनाची स्मरणिका काढायची आहे, तुम्ही संगणकीकरणाच्या वाटचालीवर लिहा, म्हणाले. दोन पानं, सोबत फोटो. फोटोत शाल अंगावर हवी असंही सांगून गेले. शाल त्यांनीच दिलेली, तेव्हा ती माझ्याकडे असणार हे ते धरूनच चालले होते. आहे ती. कपाटाच्या खालच्या खणात, दुकानाच्या पिशवीसकट. एकदाही अंगावर घेतलेली नाही.

दोन पानं लिहायला बसलो तर पहिल्याच वाक्यात खोटं आलं. 'आम्ही पूर्वीपासून जोपासलेल्या तालिकेच्या आधारे...' आम्ही! तो कागद फाडला. आता जे लिहितोय ते स्मरणिकेत येणार नाही हे मला ठाऊक आहे. दोन जाहिरातींच्या मधे बसेल तेवढंच खरं ही मंडळी छापतात.

श्रीगोंदा आणि कर्जत यांच्या मधल्या पट्ट्यात एक बाजाराचं गाव आहे. हंगामात तिथं साखर कारखान्याच्या मळीचा वास घरात येतो आणि एरवी धूळ. तिथल्या सार्वजनिक वाचनालयात मी तीस वर्षं ग्रंथपाल होतो. वाचनालयाच्या मधोमध तालिकेचं लाकडी कपाट होतं. त्यात लहान लहान खण, खणांत पोस्टकार्डाएवढी कार्डं, आणि सगळ्या कार्डांच्या खालच्या भोकांतून ओवलेली पितळी सळई. एका पुस्तकाचं एक कार्ड. त्यावर लेखक, शीर्षक, विषय आणि पुस्तक कुठल्या फळीवर आहे त्याचा क्रमांक.

ही तालिका म्हणजे माझा अभिमान. अक्षर वळणदार, शाई काळी, विषय शास्त्रशुद्ध. डाळिंबाच्या रोगावरचं पुस्तक आलं की मी लिहायचो, 'कृषिविज्ञान – फलोत्पादन – वनस्पतिविकृती'. तपासणीला आलेले जिल्ह्याचे अधिकारी एखादा खण ओढायचे, मान डोलवायचे आणि चहा घेऊन जायचे. वाचक मात्र त्या कपाटाकडे फिरकत नसत. कशाला फिरकतील? बाग गेलेला माणूस 'वनस्पतिविकृती' म्हणत येत नाही. तो दारात चप्पल काढतो आणि म्हणतो, "तेल्यावर काय हाय का?"

आणि हे तो मला नाही, बाईंना विचारायचा.

बाई आमच्या शिपाई. माहेर कर्जतच्या बाजूचं, कोरडवाहू. लहानपणी आईबापांबरोबर ऊसतोडीला जायच्या. निम्मं वर्ष फडावर आणि निम्मं शाळेत, असं करत बारावी झालेल्या. झाडलोट, टपाल, चहा आणि पुस्तकं फळीवर लावणं हे त्यांचं काम. मी त्यांना बाई म्हणायचो आणि एकेरीत बोलायचो. आज लिहिताना हात आपोआप 'त्या' लिहितोय. तेव्हा तोंडाला ते जड गेलं असतं.

त्यांना एकच गोष्ट हवी होती. निर्गम सहायकाची, म्हणजे देवघेवीच्या टेबलावरची जागा. तिथले जुने सहायक वर्षभरात निवृत्त होणार होते. त्यासाठी बाईंनी सहा महिने एसटीनं नगरला जाऊन ग्रंथपालनाचा प्रमाणपत्र वर्ग पुरा केला होता. दारातल्या स्टुलापासून त्या टेबलापर्यंत अंतर पाच पावलांचं. ते चालायला त्या तयार होऊन बसल्या होत्या.

वाचनालय दुपारी बंद असायचं. मी घरी जेवून आडवा व्हायचो. बाई तिथंच थांबायच्या, कारण घर लांब. एकदा छत्री विसरली म्हणून मी मधेच परतलो, तर बाई कपाटापुढं जमिनीवर बसलेल्या. खणातली सळई बाहेर काढलेली, कार्डं मांडीवर, आणि हातात हिरवा बॉलपेन. माझ्या कार्डांच्या पाठीवर त्या लिहीत होत्या.

मी एक कार्ड ओढून घेतलं. फळबागेचं. मागं लिहिलं होतं, 'तेल्या. डाळिंबावर काळे डाग. बाग गेली.' दुसरं वारसा कायद्याचं. मागं, 'सातबाऱ्यावर बहिणीचं नाव. हक्कसोड. बांधाचं भांडण.' एका कादंबरीच्या मागं, 'निळ्या कव्हरची. शेवटी नवरा परत येतो ती.'

"हे काय चालवलंयस?" मी विचारलं.

"लोकं ज्या नावानं मागत्यात ते लिहून ठेवते, सर. एकदा सापडलेलं पुन्हा हुडकाया नको."

"कार्डं खराब होतात."

"पुढची बाजू तुमची हाय सर, तिला हात न्हाई लावत," बाई म्हणाल्या. "मागं कोण बघतंय?"

मी रागावलो. त्या ऐकून घेत राहिल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहायला बसल्या, हे मला माहीत होतं. मी दुर्लक्ष केलं, कारण कार्डं खरंच कुणी बघत नव्हतं.

पण एकानं बघितलं. निवृत्त मुख्याध्यापक, आमचे आजीव सभासद. वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवायला रोज येत आणि वाचनालयात शिस्त उरली नाही असं रोज सांगत. त्यांच्या हाती स्त्रियांच्या आजारांवरच्या एका पुस्तकाचं कार्ड लागलं. पुढच्या बाजूला माझं 'वैद्यक – स्त्रीरोग – शस्त्रक्रिया'. मागं हिरव्या शाईत, 'अंगावरून जाणं. पिशवी काढावी का नको. तोडीला जायचंय.' ते कार्ड मुख्याध्यापकांनी दोन बोटांत, मेलेली पाल धरावी तसं धरून माझ्या टेबलावर आणून ठेवलं. सार्वजनिक ठिकाणी हे असलं, म्हणाले.

बाईंना विचारलं तर त्यांनी सरळ सांगितलं. ऊसतोडीच्या टोळीबरोबर आलेल्या बाया वाचनालयाच्या पायरीवर बसून हळू आवाजात हेच विचारतात. पुरुषांपुढं बोलता येत नाही. डॉक्टर म्हणतो गर्भपिशवी काढून टाका, टोळीचा मुकादम म्हणतो लवकर काढा. पुस्तकात दुसरं काही लिहिलंय का, एवढंच त्यांना कळायला हवं असतं.

मला कळलं होतं. तरी मी मेमो काढला. 'कार्यालयीन कार्डांवर अनावश्यक व अशोभनीय मजकूर लिहून ती खराब केल्याबद्दल आपणास सक्त समज देण्यात येत आहे.' पोच म्हणून त्यांची सही घेतली, एक प्रत त्यांच्या फाईलला लावली. मुख्याध्यापक समाधानानं शब्दकोड्याकडे वळले. त्यांच्या समाधानासाठी एवढा कागद मला फार वाटला नाही.

पुढं वाचनालयाची वेबसाईट करायची टूम निघाली. आमच्या अध्यक्षांना सगळे आबा म्हणत. शेजारच्या तालुक्यातल्या वाचनालयाची वेबसाईट झाली, एवढं एकच कारण आबांना पुरलं. आत काय असावं याची चर्चा झाली नाही. वर कुणाकुणाचे फोटो असावेत यावर दोन बैठका झाल्या.

पुण्याहून एक तज्ज्ञ आले. माणूस कामाचा होता, हे कबूल केलं पाहिजे. ते म्हणाले, तुमच्याकडे तालिका तयार आहे, तीच वापरू. कार्डांवरचे विषय वेबसाईटच्या शोधपेटीला जोडू. माणसानं दोन अक्षरं लिहिली की खाली शब्दांची यादी उघडेल. ज्याला लिहिता येत नाही त्यानं बोलावं. एका पुस्तकावरून त्याच विषयाच्या दुसऱ्यावर जाता येईल. एकदा केलेलं काम पुन्हा कामाला येईल. मी मान डोलवली. एकदा केलेलं काम म्हणजे अर्थात माझं.

कार्डं खोक्यांत भरून पुण्याला गेली. तिथलं स्कॅनिंगचं यंत्र कागदाच्या दोन्ही बाजू एकदमच टिपणारं होतं. टाईप करणाऱ्यांनी जे दिसलं ते सगळं टाईप केलं. पाठीवरच्या मजकुराला कुठला रकाना द्यावा कळेना, म्हणून 'इतर' नावाचा रकाना केला.

दोन महिन्यांनी तज्ज्ञांचा फोन आला. म्हणाले, सर, गंमत झाली. तुमचे विषय जोडले तर पेटी चालेना. ज्यांना ज्यांना वापरायला दिली त्यांच्यापैकी कुणालाच काही सापडेना. मग सहज म्हणून तो 'इतर' रकाना जोडला, आणि सगळं सापडायला लागलं. मग त्यांनी विचारलं, "हे शब्द कुणी गोळा केलेत?"

बाई तेव्हा समोरच्या फळ्या पुसत होत्या. मला एकच नाव सांगायचं होतं.

"आमच्याकडे तशी जुनी पद्धत आहे," मी म्हणालो.

पद्धत! इतकी वर्षं मी वळणदार अक्षरात जे लिहिलं ते कुणाच्याच उपयोगाचं नव्हतं, आणि शिपाईबाईंनी जमिनीवर बसून लिहिलेलं तेवढं उपयोगी पडलं होतं. हे फोनवर तोंडानं म्हणायचं माझ्यात बळ नव्हतं. तज्ज्ञ म्हणाले, अशी पद्धत मी कुठंच पाहिली नाही. मी धन्यवाद म्हणालो.

वेबसाईटचं उद्घाटन थाटात झालं. मांडव, माईक, पडदा, आणि पहिल्या दोन रांगांत वर्षभरात एक पुस्तक न नेलेले सगळे प्रतिष्ठित. तज्ज्ञांनी दाखवलं, 'ते' लिहिताच खाली 'तेल्या' उघडतं आणि पुस्तक सापडतं. मग ते म्हणाले, कुणीतरी मोबाईलमध्ये बोलून बघा, रोज बोलता तसंच बोला. मागून एक म्हातारबाबा उठले. डोळ्यांना कमी दिसायचं, पण आवाज खणखणीत. मोबाईल तोंडाशी धरून म्हणाले, "सातबाऱ्यावरनं बहिणीचं नाव कसं काढायचं?"

मांडवात हशा पिकला, कारण बाबांचं बहिणीशी कोर्टात चालू होतं हे गावाला माहीत होतं. पण पडद्यावर वारसा कायद्याचं पुस्तक आलं. टाळ्या झाल्या. कुणीतरी म्हणालं, "बाबा, आता बहिनीला पन मोबाईल घिऊन द्या."

आबांनी भाषणात सांगितलं की आमच्या ग्रंथपालांनी वर्षानुवर्षं वाचकांची नाडी ओळखून एकेक शब्द टिपून ठेवला. मला शाल दिली, नारळ दिला. बाई मांडवाच्या कडेला चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. पडद्यावर त्यांचेच शब्द एकामागून एक उघडत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी नारळाची शेंडी बघत राहिलो.

त्यानंतर पंधरा दिवसांत निर्गम सहायकाच्या जागेची मुलाखत लागली. उमेदवार दोन. बाई, आणि आबांचा भाचा. भाच्यानं आदल्याच वर्षी प्रमाणपत्र मिळवलं होतं. कसं, ते विचारायची आमच्याकडे पद्धत नव्हती. ही मात्र खरीच जुनी पद्धत. तरी सगळं ठरलेलं नव्हतं, हे मला सांगितलं पाहिजे. दोन सदस्य बाईंच्या बाजूचे होते. इतकी वर्षं काम करतेय, शिकलीय, तिला द्या, असं ते उघड म्हणत होते. आबांनाही पुतण्या-भाच्याचा बोभाटा नको होता. बाईंच्या बाजूनं बोलायला एखादं ठोस काम दाखवायला हवं होतं, एवढंच.

बाई आत आल्या. नवी नव्हे, पण इस्त्रीची साडी. हातात प्रमाणपत्राची प्लॅस्टिकची फाईल. आबांनी त्यांची कार्यालयातली फाईल उघडली आणि पहिलाच कागद मेमो निघाला. त्यांनी तो मोठ्यानं वाचला. 'कार्डे खराब केल्याबद्दल.'

खोलीत भिंतीवर नव्या वेबसाईटच्या मुखपृष्ठाचा रंगीत फोटो फ्रेम करून लावला होता. त्याच्याखाली बसून आबा विचारत होते, "बाई, कार्डावर काय लिहिलं हुतं तुमी?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. उत्तर माझ्याकडे आहे असं त्यांना वाटलं. मीच मेमो काढलेला, शालही मलाच मिळालेली, तेव्हा या दोन्ही गोष्टी त्याच शब्दांमुळे झाल्या हे सांगू शकणारा त्या खोलीत मी एकटाच होतो. बाईंच्या बाजूच्या एका सदस्यानं मला सरळच विचारलं, सर, तुमचं मत काय, बाईंचं काम कसं आहे?

मी म्हणालो, "हजेरी नियमित आहे."

एवढंच. वाईट बोललो नाही, अशी समजूत मी पुढं कितीतरी दिवस स्वतःची घालत होतो. जागा भाच्याला मिळाली. बाईंनी महिनाभर त्याला पुस्तकं कुठं असतात ते दाखवलं आणि मग राजीनामा दिला. कारणाच्या जागी 'घरगुती' लिहिलं. मी राजीनाम्यावर शेरा मारून तो पुढं पाठवला.

नंतरचं सांगताना मात्र मला थोडं हसू येतं, आणि ते चांगलं हसू नाही. वेबसाईट हळूहळू मुकी झाली. जुनी पुस्तकं झटकन सापडायची, नवी सापडायचीच नाहीत. भाचा नव्या पुस्तकांची नोंद करताना विषयाच्या रकान्यात सगळीकडे 'मराठी पुस्तक' असं चिकटवायचा. आणि पाठीमागं लिहिणारं कुणी उरलं नव्हतं. जनावरांना लम्पी आला तेव्हा आमच्याकडे त्यावरची तीन पुस्तकं होती आणि शोधपेटी एकही दाखवत नव्हती. शेजारच्या डेअरीत दूध घालायला आलेला एक जण म्हणाला, "तुमच्या साईटलाच लम्पी झाला वाटतं."

कार्यकारिणीनं काय केलं? कंपनी बदलली. रंग बदलला. वर सरकणारी पट्टी आली, तिच्यात आबांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा सरकायला लागल्या. सर्व्हर मंद आहे, असं बैठकीत सगळे जाणत्यासारखे म्हणत. सर्व्हर म्हणजे काय हे त्यांतल्या एकालाही सांगता आलं नसतं. नेमकं काय मोडलंय हे मला माहीत होतं. ते सांगितलं असतं तर ते कुणी केलं होतं हेही सांगावं लागलं असतं. मीही म्हणालो, सर्व्हर मंद आहे. आणि निवृत्त झालो.

कार्डं रद्दीत गेली. त्याआधी मी एक काढून घेतलं होतं. मुख्याध्यापकांनी दोन बोटांत धरलेलं.

गेल्या वर्षी कळलं की बाई कर्जतला असतात, झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. सकाळच्या एसटीनं गेलो. कार्ड खिशात होतं. बोलायची वाक्यं पाठ केली होती.

दुकानात गर्दी होती. बाईंचे केस पिकले होते, चष्मा लागला होता. एका आजीबाईंचा फॉर्म त्या भरत होत्या आणि प्रत्येक रकाना त्यांना त्यांच्या भाषेत विचारत होत्या. मला बघून उठल्या, स्टूल पुढं केलं. "बसा सर. काय काम काढलंत?"

माणसं बघत होती. मी खिशातून कार्ड काढून पुढं केलं आणि म्हणालो, "झेरॉक्स हवी होती."

आयुष्यभर कागदाआड लपत आलेल्या माणसाला ऐन वेळी दुसरं काय सुचणार?

बाईंनी कार्ड घेतलं. "पाठपोट काढू का?" असं विचारता विचारता त्यांनी ते उलटं केलं, आणि थांबल्या. हिरवी शाई फिकी झाली होती, पण वाचता येत होती.

"हे अजून हाय व्हय," त्या हळूच म्हणाल्या. "मला वाटलं रद्दीत गेली समदी."

त्यांनी दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढली, कार्ड आणि कागद माझ्या हातात ठेवला. मग हसून म्हणाल्या, "आता ह्याचा मेमो न्हाई ना काढायचा, सर?"

गर्दीतले दोघं-तिघं काही न कळता हसले. त्या माझ्याकडे बघत होत्या. मुलाखतीच्या खोलीत बघितलं होतं तसंच. मी नाही म्हणालो. चहा सांगते म्हणाल्या, तर मी एसटी चुकेल म्हणालो. एसटीला तासभर अवकाश होता. तो तास मी स्टँडच्या बाकावर कागद मांडीवर ठेवून काढला. परत दुकानात जायला दहा मिनिटं पुरली असती.

पाठ केलेली वाक्यं अशी होती:

बाई, वेबसाईटवर चालले ते शब्द तुमचे होते. मला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. फोनवर मला विचारलं तेव्हा मी सांगितलं नाही. मांडवात सांगितलं नाही. तुमच्या मुलाखतीत मेमो वाचला गेला तेव्हा मी तिथं बसलो होतो, आणि एका वाक्यात ती जागा तुम्हाला मिळाली असती. ती जागा तुमची होती. मी तुमची माफी मागायला आलोय.